वर्ण : काम नव्हे, अधिकार

मध्ययुगीन मराठी साहित्यावरच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटते. वर्णव्यवस्था मुळात गुणकर्मांवर आधारलेली होती. कालांतराने ती जन्माधिष्ठित झाली आणि तिच्यातून जाती उद्भवल्या. हे वाक्य विद्यार्थ्याचे नसते. ते आपण अध्यापकांनी दिलेले असते. टिपणांतून, संपादित ग्रंथांच्या प्रस्तावनांतून, बाजारातल्या गाइडांतून फिरत फिरत ते उत्तरपत्रिकेत उतरते आणि त्याला गुणही मिळतात. ते इतके लोकप्रिय का, हे समजणे अवघड नाही. त्यात परंपरेचा आरंभ निर्दोष ठरतो, सगळा दोष 'कालांतर' नावाच्या निनावी अपराध्याच्या माथी मारता येतो, आणि वर्गात बसलेले कोणीच दुखावले जात नाही. निदान आपल्याला तसे वाटते.

हे वाक्य मला इतिहास म्हणून चुकीचे वाटते आणि साहित्याच्या अभ्यासकाला तर ते फारच महागात पडते. 'वर्ण' म्हणजे कामाची वाटणी, असे एकदा मनात बसले की ज्ञानदेव आणि तुकाराम नेमके कशाशी झगडत होते तेच दिसेनासे होते. माझे म्हणणे थोडक्यात असे : परंपरेच्या प्रत्यक्ष व्यवहारात वर्ण हा शब्द 'तू काय करतोस' या प्रश्नाचे उत्तर म्हणून क्वचितच वापरला गेला. तो वापरला गेला 'तुला काय करण्याचा, ऐकण्याचा, उच्चारण्याचा अधिकार आहे' या प्रश्नाच्या उत्तरादाखल. वर्ण ही कामाची नव्हे, अधिकाराची भाषा आहे.

आधी शब्दच पाहू. वर्ण म्हणजे रंग, कांती. वर्ण म्हणजे अक्षर, उच्चारित ध्वनी. आणि वर्ण म्हणजे समाजाचा एक विभाग. यास्काने निरुक्तात हा शब्द 'वृ' धातूशी जोडला आहे. या धातूचे झाकणे आणि निवडणे असे दोन्ही अर्थ होतात. त्यातल्या दुसऱ्या अर्थाचा आधार घेऊन, ज्याने त्याने निवडलेले काम म्हणजे वर्ण, असे अलीकडे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. पण व्युत्पत्ती म्हणजे इतिहास नव्हे, हे भाषेच्या विद्यार्थ्याला तरी वेगळे सांगायला नको. शब्द कोठून निघाला यावरून तो कोठे पोचला हे ठरत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'सवर्ण' हा शब्द. पाणिनीच्या व्याकरणात सवर्ण म्हणजे उच्चारस्थान आणि प्रयत्न यांनी समान असलेले ध्वनी. धर्मशास्त्रात सवर्णा म्हणजे वराच्याच वर्णाची वधू. दोन्ही ठिकाणी 'स'चा अर्थ 'समान' असा आहे. आजच्या मराठीत मात्र सवर्ण म्हणजे वर्ण असलेला. चौकटीच्या आतला, आणि व्यवहारात तर वरचा. समानता सांगणारा उपसर्ग मालकी सांगू लागला. तो 'अवर्ण' या शब्दासमोर उभा राहिला आणि ज्याला वर्ण नाही त्याला काय नाही, हेही न बोलता सांगून गेला. भाषेने येथे आपल्या तत्त्वचर्चेपेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे, असे म्हणावे लागते.

आता आरंभाविषयी. ऋग्वेदात आर्य वर्ण आणि दास वर्ण असे दोन वर्ण येतात. तेथे चारांचा हिशेब नाही, आपण आणि ते असा भेद आहे. ब्राह्मण, राजन्य, वैश्य आणि शूद्र हे चौघे ऋग्वेदात एकत्र येतात ते फक्त दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात. आणि हे मंडल अभ्यासक सर्वसाधारणपणे उत्तरकालीन मानतात. गंमत अशी की त्या सूक्तात 'वर्ण' हा शब्दच नाही. तेथे आहे ते एक शरीर, त्याचे मुख, बाहू, मांड्या आणि पाय. शरीराच्या अवयवांना निवड नसते, आणि पाय कधी मुख होत नाहीत. हे सूक्त समाजाचा वृत्तान्त देत नाही, त्याची एक प्रतिमा उभी करते. आणि त्या प्रतिमेत चढउतार पहिल्यापासूनच आहे. गुणांची परीक्षा घेऊन माणसे वाटली जात होती, असा पुरावा तिच्यातून काढणे ही आपली कल्पकता झाली.

यापुढचा पुरावा अधिक रोखठोक आहे. गृह्यसूत्रे आणि धर्मसूत्रे हा रोजच्या आचाराचा ग्रंथसंभार. त्यांत उपनयनाचे वय दिलेले आहे : ब्राह्मणाचे आठवे वर्ष, क्षत्रियाचे अकरावे, वैश्याचे बारावे. ऋतूही ठरलेले आहेत : ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद. शूद्राला ऋतू नाही. आता विचार करावा, आठ वर्षांच्या मुलाचे कोणते गुण आणि कोणते कर्म तपासले जात असेल? उपनयन म्हणजे विद्येचा आरंभ. गुण प्रकट व्हायचे ते त्यानंतर. दाराशीच वर्ण विचारला जातो, याचा अर्थ तो आत शिरण्यापूर्वीच ठरलेला आहे. गुणकर्मांवरून वर्ण ठरवणारी यंत्रणा, परीक्षा घेणारी सभा, वर्ण बदलून देणारा विधी, यांपैकी काहीही या ग्रंथांत समाजाचा नित्याचा नियम म्हणून सांगितलेले नाही. जे आहे ते जन्मावरून अधिकार सांगणारे कोष्टक.

'अधिकार' हा शब्द मी आधुनिक अर्थाने मागे नेऊन चिकटवतो आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. तो परंपरेचाच पारिभाषिक शब्द आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाचा विषयच अधिकार हा आहे : यज्ञ कोणी करावा? तेथे बादरी या आचार्याचे मत नोंदवले आहे, की अधिकार सर्वांना आहे. पुढे ते मत खोडून अधिकार तीन वर्णांपुरताच ठेवला आहे. त्याच अध्यायात रथकार या कारागिराची चर्चा येते. त्याला अग्न्याधानापुरता अधिकार दिला आहे आणि त्याच्यासाठी पावसाळा हा ऋतू नेमला आहे. ब्रह्मसूत्रांतही शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे काय, यावर स्वतंत्र अधिकरण आहे आणि उत्तर नकारार्थी आहे. म्हणजे परंपरेतले सर्वांत काटेकोर मेंदू वर्णाविषयी बोलू लागले की कामाविषयी बोलत नाहीत. कोणाला मंत्र, कोणाला अग्नी, कोणाला श्रवण, याविषयी बोलतात.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल आहे. आपल्याला गोत्र ठाऊक नाही, असे तो गुरूला सरळ सांगतो आणि स्वीकारला जातो. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू वर्णांचे रंग सांगतो, तर भरद्वाज त्याला विचारतो की सर्वांमध्ये सर्व रंग दिसतात आणि काम, क्रोध, भय, भूक आपणा सर्वांनाच आहेत, तर मग भेद कशावरून करायचा? वनपर्वात अजगररूपी नहुषाला उत्तर देताना युधिष्ठिर जन्मापेक्षा शीलाला महत्त्व देतो, कारण माणसांच्या जाती इतक्या मिसळल्या आहेत की जन्माची परीक्षाच अशक्य आहे. बौद्ध वाङ्मयातल्या अस्सलायन सुत्तात बुद्ध ब्राह्मण तरुणाला यवन-कंबोजांच्या देशाची आठवण देतो, जेथे धनी आणि दास असे दोनच वर्ण आहेत.

हे सारे मोलाचे आहे. पण ते काय सिद्ध करते? भरद्वाजाला प्रश्न पडला, कारण उत्तर जन्माचे मिळत होते. युधिष्ठिराला शीलाची बाजू मांडावी लागली, कारण लोक शील विचारत नव्हते. सत्यकामाच्या कथेतही गुरूचा पहिला प्रश्न गोत्राचाच आहे, आणि मुलाच्या सत्यवचनावरून तो काढतो तो निष्कर्षही, अब्राह्मण असे बोलणार नाही, असाच आहे. ही उदाहरणे गुणकर्माच्या सुवर्णयुगाची नाहीत. जन्माच्या नियमाविरुद्ध परंपरेच्या आत उठलेल्या आवाजांची आहेत. त्यांना सुवर्णयुगाचा पुरावा ठरवणे म्हणजे त्यांच्या बंडाची धार काढून घेणे होय.

गीतेतला गुणकर्मांचा उल्लेख तर या बाजूचा मुख्य साक्षीदार. पण अठराव्या अध्यायात हीच गीता चारही वर्णांची कर्मे स्वभावातून उपजलेली आहेत असे सांगते आणि परक्याचा धर्म चांगला आचरण्यापेक्षा आपला उणा धर्म बरा, असे बजावते. पहिल्या अध्यायात अर्जुनाला भीती वाटते ती वर्णसंकराची. आणि संकर होतो तो कुलस्त्रियांच्या मार्गाने, म्हणजे जन्माच्या मार्गाने. शिवाय ज्या महाकाव्यात गीता आली आहे त्याची पात्रे काय सांगतात? द्रोणाने सारा जन्म शस्त्रविद्येत घालवला, सेनापतिपद भूषवले, तरी तो मरेपर्यंत ब्राह्मणच राहिला. कर्णाने रंगभूमीवर कौशल्य दाखवले, तेव्हा त्याला कुळ विचारले गेले. एकलव्याचा गुण सिद्ध झाला आणि म्हणूनच त्याचा अंगठा गेला. गुणकर्माचा सिद्धान्त प्रत्यक्षात चालत असता तर महाभारतातल्या निम्म्या शोकांतिका घडल्याच नसत्या.

मग जात म्हणजे काय आणि तिचा वर्णाशी संबंध काय? वर्ण चार, जाती असंख्य, आणि प्रांताप्रांतात निराळ्या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात या अनेक जातींचा हिशेब चार वर्णांच्या संकरातून लावण्याचा खटाटोप केला आहे. अमुक वर्णाचा बाप, तमुक वर्णाची आई, म्हणून ही जात. हे स्पष्टीकरण वाचताना जाणवते की जाती समोर आहेत आणि सिद्धान्त त्यांच्यामागे धावतो आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून बोट ठेवले ते जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनावर. जात टिकते ती लग्नाने. वर्ण मात्र असा रोजच्या जगण्यातून टिकत नाही. त्याला ग्रंथाचा, पंडिताचा, निर्णयपत्राचा आधार लागतो. जात माणसाला न विचारता मिळते. वर्ण सिद्ध करावा लागतो, नाकारला जातो, मागितला जातो. म्हणून वर्णातून जाती निर्माण झाल्या, हे उत्तरपत्रिकेतले वंशवृक्षाचे चित्रही तपासून घेतले पाहिजे.

मराठी साहित्याकडे वळले की हा भेद स्वच्छ दिसतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात ज्ञानदेव वेदाला संपन्न म्हणतात आणि त्याच दमात कृपण म्हणतात. कारण तो तीन वर्णांच्याच कानाशी लागला, स्त्रिया आणि शूद्र यांच्याबाबत मौन धरून बसला. तो उणेपणा भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी आहे. हे १२९० साली मराठीत म्हटले गेले. येथे वर्णाचा अर्थ काय आहे? काम नव्हे, कान. कोणाच्या कानाने काय ऐकावे, ही वाटणी ज्ञानदेवांना खुपते आहे. गीता मराठीत आणण्याचे प्रयोजनच या अर्थाशी बांधलेले आहे. आणि 'मुळात गुणकर्मावर आधारलेली व्यवस्था' असे विद्यार्थ्याला आधीच पढवलेले असेल, तर हे प्रयोजन त्याच्या हाती लागणार तरी कसे?

तुकाराम हे तर या प्रश्नाचे चालतेबोलते उदाहरण. ते जातीने कुणबी. घराण्याचा व्यवसाय वाण्याचा. देहूत महाजनकी होती, दुकान होते. आपल्या आत्मपर अभंगात ते स्वतःची 'याती' शूद्र सांगतात आणि आपण वैश्याचा व्यवसाय केला असेही सांगतात. एका माणसाला तीन नावे : जातीने एक, धंद्याने दुसरे, वर्णाने तिसरे. कामावरून वर्ण ठरत असता तर पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारे हे घर वैश्य ठरले असते, आणि अभंगरचना सुरू झाल्यावर तुकारामांना ब्राह्मण्य द्यावे लागले असते. तसे काही झाले नाही. अक्षरे घोकण्याचा आपल्याला 'अधिकार' नाही, हा शब्द तुकाराम स्वतःच वापरतात. रामेश्वरभटांचा आक्षेपही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, हाच होता : हा शूद्र असून याच्या वाणीतून वेदार्थ प्रकटतो. आक्षेप कविता वाईट असण्याला नव्हता. ती चांगली होती, हीच तर अडचण होती. वह्या पाण्यात बुडवण्याची कथा आपण चमत्कारासाठी सांगतो. ती वास्तविक अधिकाराच्या खटल्याची कथा आहे.

हा खटला केवळ कवींवरच चालला असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वराज्य उभे केले, किल्ले बांधले, आरमार उभारले, मोगल आणि आदिलशाही यांना तोंड दिले. क्षत्रियाचे म्हणून जे कर्म ग्रंथांत सांगितले आहे त्यातले काही उरले नव्हते. तरीही ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक होण्यापूर्वी वंशावळीचा प्रश्न आला, शिसोदिया कुळाशी संबंध दाखवावा लागला, काशीच्या गागाभट्टांचा निर्णय लागला, आणि चव्वेचाळिशीतल्या, मुलेबाळे असलेल्या राजाची मुंज करावी लागली. कर्म डोळ्यांसमोर धडधडीत उभे होते. मागितला गेला तो जन्माचा दाखला. याच गागाभट्टांचे चुलते कमलाकरभट्ट यांनी शूद्रांच्या आचारावर 'शूद्रकमलाकर' हा ग्रंथ लिहिला होता. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले आहेत, हे मत तेव्हा पंडितांत प्रचलित होते. ते मान्य केले की एकाला सर्व अधिकार आणि बाकी सर्वांना शूद्राचा आचार, असा सोपा हिशेब होतो.

सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ च्या सुमारास, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. १९०१ साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त त्यावर लिहिले. राजोपाध्यांची वतने १९०२ साली जप्त झाली. त्याच वर्षीच्या जुलैत शाहूंनी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. या घटना आपण इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. त्या एकमेकींना लागून आहेत. राज्य करणाऱ्या राजालाही जर काम पाहून मंत्र मिळत नसेल, तर ज्याच्या हाती काहीच नाही त्याला शाळेचे, कचेरीचे दार कोणत्या गुणकर्माने उघडणार होते?

आणि जे चारांतही नव्हते त्यांचे काय? पाचवा वर्ण नाही, असे मनुस्मृती स्पष्ट सांगते. तरी गावकुसाबाहेर माणसे होतीच. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वारासमोर, पायरीशी आहे. त्यांचे अभंग आत गायिले गेले. त्यांच्या समाजाला आत जाण्यासाठी १९४७ सालच्या मे महिन्यातल्या साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत थांबावे लागले. सहाशे वर्षे ज्या गोष्टीची वाट पाहावी लागली तिला कामाची वाटणी म्हणता येत नाही.

गुणकर्माचा युक्तिवाद करणारे सगळेच ढोंगी होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. स्वामी दयानंदांनी तो जन्माच्या अहंकाराविरुद्ध वापरला. अनेक सुधारकांना शास्त्राच्याच भाषेत शास्त्र्यांशी बोलायचे होते. त्यांना हे हत्यार उपयोगी पडले. समाज असा असावा, ही इच्छा म्हणून गुणकर्माचे तत्त्व समजण्याजोगे आहे. पण समाज असा होता, हे विधान वेगळे आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात आंबेडकरांनी या इच्छेचीही कठोर तपासणी केली. गुणच पाहायचे तर ब्राह्मण, क्षत्रिय ही जन्माचा वास असलेली नावे कशाला हवीत? असंख्य प्रकारची माणसे चारच कप्प्यांत बसवायची कशी? स्त्रियांचा वर्ण कोणता, त्यांचा स्वतःचा की नवऱ्याचा? आणि कोणी कप्पा ओलांडला तर दंडाशिवाय व्यवस्था टिकेल कशी? शंबूकाची कथा त्यांनी येथेच आठवली. शंबूकाने कोणाचे काम बिघडवले नव्हते. त्याने तप केले होते. या प्रश्नांना गेल्या नव्वद वर्षांत समाधानकारक उत्तर मिळालेले माझ्या वाचनात नाही.

यावर असे विचारले जाईल की हा सारा शब्दच्छल आता कशासाठी? राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, वेदाच्या पोथ्या दुकानात मिळतात, मुंज हा घरगुती समारंभ झाला आहे. पण वाक्ये विधींपेक्षा अधिक काळ टिकतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेली, घरात पहिल्यांदाच महाविद्यालय पाहणारी मुलगी आपल्या वर्गात बसलेली असते. व्यवस्था मुळात गुणांवर होती असे आपण तिला लिहायला लावतो, तेव्हा तिच्याकडून आपण नकळत आणखी एक वाक्य लिहून घेत असतो : म्हणजे माझ्या पूर्वजांकडे गुण नव्हते. हे दुसरे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसत नाही. पण पहिल्यातून ते सरळ निष्पन्न होते. पाच गुणांसाठी एवढी किंमत मागण्याचा आपल्याला काय अधिकार?

त्याऐवजी काय शिकवावे, हे फार अवघड नाही. वर्ण ही ग्रंथांतील कल्पना आहे, जात ही विवाहाने टिकणारी सामाजिक वस्तुस्थिती आहे. वर्णाची भाषा अधिकार देण्यासाठी, नाकारण्यासाठी आणि मागण्यासाठी वापरली गेली. आणि या वापराविरुद्ध परंपरेच्या आतून व बाहेरून सतत प्रश्न विचारले गेले, त्यांतले काही श्रेष्ठ प्रश्न मराठीत आहेत. एवढे चार ओळींत मावते. परीक्षेला बसणाऱ्याला ते पाठही करता येईल. पण ते पाठ करून जो तुकारामांच्या गाथेकडे जाईल त्याला तेथला 'अधिकार' हा शब्द अडखळायला लावील, आणि साहित्याचे वाचन बहुधा अशा अडखळण्यापासूनच सुरू होते.